दोन सुया अन् चार दोरे म्हणे!

"तुझं काय वं, दोन सुया अन् चार दोरे. पर्समधी टाक अन् ये."

हे वाक्य बोलणाऱ्या प्रत्येकाला वैशाखात भर दुपारी बसस्टँडवर उभं करायला पाहिजे. खांद्यावर कपड्यांची बॅग, एका हातात युरियाच्या धुतलेल्या चुंगडीत लोकर अन् कापड, काखेत सुतळीनं बांधलेले पुठ्ठे अन् छातीशी धरलेला मोत्यांचा डबा. मग म्हण म्हणावं आता, दोन सुया अन् चार दोरे.

मी रुखवत करून देते. यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्यापासून आत आमचं गाव. लगीनसराई लागली की नात्यातली, नात्याच्या नात्यातली, शेजारणीच्या भाचीची अशी कोणाकोणाची लग्नं निघतात अन् माझा फोन वाजायला लागते. कोणी पैसे देते, कोणी साडी नेसवते, कोणी नुसतंच "तुझ्या हाताले जादू आहे बाई" म्हणून चहा पाजते. त्याचं मला काही नाही. काम आवडते, करते. डोकं फिरते ते सामान भरताना. त्याहून जास्त, मी भरत असताना दारात उभं राहून दात काढणाऱ्यांवर.

ऐका मग, त्या दोन सुयांत काय काय येते. क्रोशाच्या सुयाच पहा. बारीक सुती दोऱ्याला पोलादी सुई, लोकरीला जाड ॲल्युमिनियमची. एकीचं काम दुसरीवर होत नाही. मण्यांचं तर विचारूच नका. आठ नंबरचा मणी मोठा अन् अकरा नंबरचा बारीक. नंबर वाढला की मणी लहान होतो, हे सांगून सांगून माझी जीभ झिजली, तरी कोणीतरी "मोठ्ठे आणले तुमच्यासाठी" म्हणत पंधरा नंबरची पुडी पुढे करतेच. त्या मण्यातून घरची साधी सुई जात नाही. मण्यांची वेगळी सुई लागते, लांब अन् इतकी नाजूक की डब्यात आडवीतिडवी पडली की वाकलीच समजा. मग कुंदन, टिकल्या, लेस, जरी, कापडाचे रंग, ब्रश, दोन कात्र्या. हो, दोनच लागतात. एक कापडाची, एक कागदाची. कापडाच्या कात्रीनं कोणी पुठ्ठा कापला तर पुढच्या वेळी ती कापड चावते, कापत नाही. अन् हे समजावून सांगितलं की समोरचा माणूस असा पाहतो, जणू मी त्याला जमिनीचा सातबारा मागितला.

गोंदाचीच बात घ्या. सप्तपदीच्या सात सुपाऱ्या सजवायच्या, नारळ सजवायचे, अंतरपाटावर नवरा-नवरीची नावं भरायची, आरतीचं ताट करायचं, पुठ्ठ्यावर डाळ-तांदळाचा मोर काढायचा. नारळाला ग्लू गन पाहिजे, म्हणजे कांडी वितळवून गरम गोंद सोडणारी. कापडाला तिचा गोंद टणक होतो अन् घडी पडली की सुटतो, म्हणून कापडाचा वेगळा. डाळ-तांदळाला पांढरा गोंद, तोही जरा पातळ केलेला. टिकल्यांना आणखी वेगळा. म्हणजे नुसत्या चिकटवायच्या वस्तूच चार प्रकारच्या, अन् त्यातल्या तीन सांडणाऱ्या!

अन् ह्या सगळ्या वस्तू एकमेकींच्या वैरी. चमकी लोकरीत गेली की जन्मभर निघत नाही. सुई रंगाच्या ट्यूबमध्ये घुसते. जरीला ओल लागली की काळी पडते. पुठ्ठा उभा ठेवला तर वाकतो, आडवा ठेवला तर त्याच्यावर कोणीतरी बसते. लोकर दाबली तर दबते, पण कापडाच्या अंगावर दाबली तर इस्त्री केलेल्या अंतरपाटाला अशा घड्या पडतात की गुरुजींनी तो धरला तर आधी लोक घड्याच पाहतील. लोकरीचे गोळे मी एकेका पातळ पिशवीत घालते, पिशवीला एक भोक, त्यातून टोक बाहेर. ही अक्कल मला कोणत्या व्हिडिओनं दिली नाही, गुंता सोडवताना गेलेल्या रात्रींनी दिली.

ते व्हिडिओ! "प्रवासासाठी सुंदर क्राफ्ट किट कसं भराल." छान गुलाबी चेनची पाऊच, आत छोटे छोटे कप्पे, एका कप्प्यात एक गुंडी, दुसऱ्यात इवलीशी कात्री, तिसऱ्यात लवंगेएवढी मोजायची टेप. अन् मग गंभीर चेहऱ्यानं सवाल: विमानात क्रोशाची सुई नेता येते का? अगं माय, कात्री चेक-इनच्या सामानात टाक म्हणावं, संपलं. माझा सवाल वेगळा आहे. माझा सवाल असा, की बसच्या दारात दुधाच्या तीन कॅन, एक सायकलचं चाक अन् अकरावीची सगळी पोट्टी उभी असताना काखेतले पुठ्ठे न वाकवता आत कसं शिरायचं? ह्याच्यावर काढा न एखादा व्हिडिओ.

१७ मार्च २०२३ पासून बायांना एसटीत अर्धं तिकीट झालं. लय चांगलं झालं, मी सगळ्यांसमोर म्हणते. बाया माहेरी जायला लागल्या, बाजाराला जायला लागल्या. पण गाडीत उभं राहायला जागा नाही, तिथं माझ्या चुंगडीनं कुठं जावं? यवतमाळहून करंजी, मारेगाव करत वणीकडे निघालं की अर्धा रस्ता मी चुंगडी पायात अन् डबा मांडीवर घेऊन असते. मागच्या उन्हाळ्यात एका भल्या माणसानं आपली कॅन सरकवताना माझ्या पायाशी ठेवलेली पिशवी पायानं अशी लोटली की आतल्या डब्याचं झाकण उडालं. अकरा नंबरचे पांढरे मोती. बसच्या तळाच्या पत्र्याला ज्या नक्षीच्या रेघा असतात न, त्या प्रत्येक रेघेत एकेक मोती जाऊन बसला, अन् गाडीनं वळण घेतलं की सगळे मिळून मागच्या दाराकडे पळायचे, ब्रेक लागला की पुढे. मी सीटखाली वाकून वेचतेय, अन् कंडक्टर म्हणतो, "मावशी, हे वेचत बसान तर गाडी डेपोत जाईन." तो माणूस? तो खिडकीबाहेर कपाशी पाहत होता. मे महिन्यात! उभी कपाशी कुठे असते रे बाप्पा मे महिन्यात?

अन् ऊन. पुण्या-मुंबईच्या लोकांना वाटते ऊन म्हणजे टोपी घालायचं निमित्त. इथं पारा पंचेचाळीसच्या वर जाते, अन् चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे गेलात तर आणखी पुढं. बाहेर इतकं, तर बंद गाडीत किती असेल? रुखवतात ठेवायला केलेले मेणाचे दिवे मी एकदा पाहुण्यांच्या गाडीच्या डिक्कीत ठेवू दिले नाहीत, तर ते म्हणे, "वहिनी लय लाड करते सामानाचे." साधं मेण पन्नास-साठ अंशांच्या आसपास वितळते. उन्हात उभ्या गाडीची डिक्की तेवढी तापायला वेळ लागत नाही. ग्लू गनच्या कांड्या मऊ पडून एकमेकींना चिकटतात, रंगाच्या ट्यूब फुगतात अन् झाकण उघडलं की पहिली पिचकारी आपल्याच पदरावर. म्हणून मी रंग अन् कांड्या ओल्या फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात नेते, जरीच्या डब्यापासून दूर. हो, करते लाड. तुम्ही तुमच्या मोटारसायकलला सावलीत लावता न?

सगळ्यांत जास्त संताप कशाचा येते सांगू? "इथं सगळं भेटते, तू फक्त ये." हे म्हणणाऱ्याच्या गावात एक जनरल स्टोअर असते, त्यात शाळेच्या पोरांचा गोंद असतो, अन् लेस म्हटलं की पांढरी, एकच रुंदी, तिच्यावर मागच्या पोळ्याची धूळ. सोनेरी कुंदन मागितलं तर दुकानदार तीन वेळा "काय?" म्हणून विचारते अन् शेवटी राखीच्या उरलेल्या मालातून काहीतरी काढून देते. दुसरी तऱ्हा म्हणजे थर्माकोल. "तू कायले पुठ्ठे वागवतं, आम्ही थर्माकोल आणून ठेवतो." अहो, सजावटीच्या थर्माकोलवर आपल्या राज्यात २०१८ सालीच बंदी आली! तरी तो कुठूनतरी येते, अन् माझ्या ग्लू गननं त्याला भोक पडलं की चूक माझ्या गनची.

एका दिरानं तर कळस केला. पाटाला वार्निश मारायचं होतं. मी वर्ध्याला बहिणीकडे होते अन् रेल्वेनं निघणार होते, तर फोनवर म्हणे, "येतानी थिनरची कॅन घेऊन येजो, तिकडं स्वस्त भेटते." रेल्वेत! रेल्वे कायद्याचं कलम १६४ आहे, पेट घेणारं सामान नेलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, नाहीतर हजार रुपयांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. ह्यांचा पाट चमकावा म्हणून मी जेलात जाऊ? वरून रुसले. पाटाला शेवटी रंगच मारला अन् लग्न लागलं, कोणाचं काही अडलं नाही.

घरच्यांचीही कथा ऐका, सुटका त्यांचीही नाही. मी रात्री बसून सगळं लावते. वर काय, खाली काय, कोणत्या डब्याला रबर, कोणत्या झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा. सकाळी आंघोळ करून येते तर जाऊबाईनं "जागा होती म्हणून" लोकरीत लसणाची जुडी, तिखटाची पुडी अन् आंब्याच्या लोणच्याची बरणी कोंबलेली. लोणच्याची! तेलाची! "त्याहीच्या घरी नाही न आपल्यासारखं लोणचं," म्हणे. नसेल. पण पांढऱ्या लोकरीच्या तोरणावर मोहरीच्या तेलाचा पिवळा डाग काढायचा कशानं, ते त्या लोणच्यालाच विचारा. मी बरणी बाहेर काढली तर दिवसभर माझ्या नावानं भांडी आपटली. अन् नवरा मधात येऊन शांतपणे म्हणते, "एवढं सगळं न्यायची गरज आहे का?" गरज! तुम्ही शेतात फवारणीला जाता तेव्हा पंप घरी ठेवून जाता का हो?

बरं, पोचलं की खेळ उलटा. आयुष्यभर ज्यांना माझं सामान पसारा वाटला, त्या सगळ्यांना त्या घरात पाय ठेवल्याबरोबर त्यातलंच काहीतरी पाहिजे असते. ब्लाउजचा हूक तुटला, सुई द्या. फॉल उसवला, मॅचिंग दोरा द्या. नवरदेवाच्या फेट्याला पिन द्या. मामाच्या चपलेचा पट्टा सुटला, तो गोंद आहे का तुमच्याजवळ? तुमच्याजवळ तर सगळं असते! हो असते, कारण मी आणलं. तुम्ही हसत होते तेव्हा आणलं. त्यातच कापडाच्या कात्रीनं कोणीतरी दुधाची पिशवी कापते, अन् दुसरं कोणीतरी त्याच कात्रीनं डेकोरेशनच्या लायटिंगची वायर सोलते. मी ओरडले तर "एवढी काय चिडतं, कात्रीच तर आहे."

रुखवत तयार झालं की ते अजून एकदा बांधायचं असते, हे तर कोणाच्या गावीही नसते. घरून लग्नाच्या हॉलवर, हॉलवरून नवरदेवाच्या घरी. मोराची चोच, नारळाचे डोळे, सुपाऱ्यांचे झगे, सगळं नीट गेलं पाहिजे. अन् ते वाहायला कोण? ट्रॅक्टरवर खुर्च्यांच्या शेजारी बसलेली दोन पोट्टी, ज्यांच्या डोळ्यासमोर फक्त डीजे आहे. एकानं माझ्यासमोर सात सुपाऱ्यांचं ताट एका हातात धरलं अन् दुसऱ्या हातानं फोन कानाला लावला. मी ताट हिसकावून घेतलं अन् ट्रॅक्टरवर स्वतः चढले, नऊवारीत.

येतानाची पॅकिंग मात्र सोपी. काही उरतच नाही न. ग्लू गन "दोन दिवस राहू दे, पोरीच्या प्रोजेक्टले लागते" म्हणून राहते. चांगली कात्री त्या गर्दीत कोणाच्या तरी कपाटात जाते. आठ नंबर, अकरा नंबर अन् टिकल्या एकाच डब्यात ओतून कोणीतरी माझ्या हातात देते, वर सांगते की "सगळं आवरून दिलं बरं का". रिकाम्या चुंगडीत मग पापड, कुरडया, बुंदीचे लाडू भरतात, अन् मोत्यांच्या डब्यावर लाडवांचा डबा.

आत्ता लिहून राहिली तर समोर परातीत ते मिसळलेले मणी आहेत. मघा वरोऱ्याहून मावससासूचा फोन आला, नातीचं जमलं म्हणे, वैशाखातली तारीख. "तू फक्त ये," म्हणाल्या. मी म्हटलं, येते न मामी, पण गाडी पाठवा, मागची सीट रिकामी पाहिजे, कात्रीला कोणी हात लावणार नाही, अन् सोबत लोणचं येणार नाही. तिकडून बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाल्या, "एवढं काय नेतं वं तू?"