तुमचं झुरळ, आमचं झुरळ

मे महिन्यात दुपारी दोन-अडीचला धुळ्यात कुणी कुणाच्या दारात जात नाही. पांझरेच्या पात्रात पाणी नसतं, रस्त्यावर माणूस नसतो, कुत्री उभ्या रिक्षांखाली शिरलेली असतात. त्यामुळे परवा त्या वेळी बेल वाजली तेव्हा मी मनाची तयारी करूनच दार उघडलं. बाहेर खालच्या मजल्यावरचे नाना. डोक्यावर ओला पंचा, हातात वर्तमानपत्राची पुडी. पुडी माझ्यापुढे धरून म्हणाले, "वहिनी, हाई तुमनं शे."

उघडली, तर आत मेलेलं झुरळ.

मागची गोष्ट एवढीच, की आदल्या आठवड्यात आम्ही घरात पेस्ट कंट्रोल करून घेतलं होतं. रोख पैसे मोजून, अख्खं स्वयंपाकघर दिवाणावर मांडून. त्यामुळे झुरळांचा आणि आमचा संबंध संपला, अशी माझी समजूत. पण नाना तलाठी म्हणून रिटायर झालेत. त्यांच्या लेखी असा संबंध कधी संपत नाही, फक्त फेरफार होतो.

"कशावरून आमचं?" मी विचारलं.

हा प्रश्न ऐकायलाच ते एवढ्या उन्हात जिना चढले असावेत. आत आले, कूलरच्या बरोबर समोरच्या खुर्चीत बसले (ती जागा आमच्या ह्यांची, हे मुकाट्यानं पलंगावर सरकले) आणि पुडी टीपॉयवर, आंब्यांच्या शेजारी ठेवली. मी आंबे उचलले. नानांनी चष्मा लावला, खिशातलं पेन काढलं आणि पेनाच्या टोकानं झुरळ उताणं होतं ते पालथं केलं. नानांचं बोलणं एरवी अर्धं मराठी, अर्धं अहिराणी. मुद्दा पक्का होत जातो तशी अहिराणी वाढत जाते.

"आमच्याकडे झुरळ आहे, मी नाही म्हणत नाही. पण ते मोठं. बोटभर, लालसर. मोरीच्या जाळीतून रात्री येतं, लाइट लावला का चाललं जातं. रीतभात शे त्याले. आते हाई पहा. कितलं शे? नखभर. आनि मानवर दोन काया रेघा. या रेघांचं झुरळ आमच्याकडे घर घेतलं तेव्हापासून नव्हतं. तुमी औषध मारं, आनि दुसरा दिन आमना मिक्सरखाले हाई बठेल. मंग हाई कोनं?"

"उडून आलं असेल कुठून तरी."

"हाई उडत नई," नाना म्हणाले. "पंख शेतस, पन उडत नई. दोन व्हतात. एक मी गॅलरीमधून फेकीसन पाह्यं."

यावर काय बोलणार? हे पलंगावरून म्हणाले, "नाना, पाणी घेता का?" सबंध प्रकरणात ह्यांचं योगदान एवढंच.

अशा वेळी निदान पोटच्या पोरीनं तरी आईची बाजू घ्यावी. आमची कन्या प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. करते आहे. ती आतून आली, पुडीत वाकून पाहिलं आणि म्हणाली, "आई, नाना बरोबर सांगतायत. हे जर्मन झुरळ. आपल्या ओट्याखाली हेच होतं. नानांकडचं मोरीतलं ते अमेरिकन."

नानांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे समाधान पसरलं ते मी सहजासहजी विसरणार नाही. त्यांचा भाचा न्यू जर्सीत आहे. आता घरातली झुरळंही त्याच बाजूची निघाली.

मग कन्येनं, कुणी विचारलेलं नसताना, दोन्हींचा सातबारा काढला. अमेरिकन म्हणतात ते मुळात आफ्रिकेतलं, जहाजांतून तिकडे गेलेलं. आणि जर्मन तर जर्मनीचं नाहीच. २०२४ साली एक जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात असं निघालं की हे झुरळ साधारण २,१०० वर्षांपूर्वी आपल्याच बाजूला, भारत किंवा म्यानमारच्या भागात, आशियाई झुरळापासून वेगळं झालं आणि इथून माणसांच्या सामानाबरोबर जगभर गेलं. मला जरा बरं वाटलं. मी म्हटलं, म्हणजे कुणा एका घराचं असं नाहीच ते, सगळ्यांचंच झालं.

"मूळ मालक कोनी बी ऱ्हावो," नाना म्हणाले, "आजनी वहिवाट वहिनींना ओटाखाले शे."

वहिनींच्या. फ्लॅट ह्यांच्या नावावर, हप्ते दोघांच्या पगारातून, पण ओट्याखालचा प्रदेश आणि त्यातली समस्त प्रजा माझ्या एकटीच्या नावावर. पुडी ह्यांच्या पुढ्यात ठेवली असती तर चाललं नसतं का? हे पुरुषभर उंचीचे पलंगावर पसरले होते, दिसत नव्हते असं नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नणंद आली होती. जेवायला बसताना तिनं ताट उलटं करून खालची बाजू पाहिली, आणि काहीही न बोलता सुलटं केलं. एक शब्द बोलली असती तर मी चार ऐकवले असते. न बोलणाऱ्या माणसाचं काय करायचं?

बरं, आपल्याकडचा उन्हाळा म्हणजे काय, हे या लोकांना सांगायला हवं का? बाहेर चव्वेचाळीस डिग्री. जे जे जिवंत आहे त्याला गारवा आणि ओल हवी असते, आणि गावात गारवा आणि ओल आहे कुठे, तर माझ्या घरात. वर्षाचा गहू आणि दादर ज्वारी भरायचा मोसम हाच. गव्हाला एरंडेल चोळा, कोठीत कडुलिंबाचा पाला घाला, तरी ऑगस्टात सोंडे आहेत ते आहेत. गच्चीवर ज्वारीचे बिबडे वाळत टाकले की मुंग्या. आमरसाचं पातेलं परातीत पाणी घालून त्यात ठेवा, तरी मुंग्या. त्या पाणी ओलांडून कशा पोचतात ते कळत नाही. भिंतीवरून येऊन झाकणावर उतरतात, असा माझा संशय आहे. बिचारी पाल तेवढी आपल्या बाजूची, डास खाते, झुरळाची पिल्लं खाते. तर तिलाच घरात सगळे झाडू घेऊन हाकलतात, आणि चुकचुकली की सासूबाई "कृष्ण कृष्ण" म्हणून जमिनीवर टिचक्या वाजवतात.

आणि कूलर! आम्ही सगळ्या खिडक्यांना सरकत्या जाळ्या बसवल्या. मग मार्च आला आणि त्यातल्याच एका खिडकीत कूलर बसवायला जाळी काढून ठेवावी लागली. कडेची फट थर्माकोल, टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा आणि एक जुनं बेडशीट यांनी बुजवली आहे. डासांना अर्थात फट शोधायची गरज नसते. डेंग्यूचा डास कूलरच्या टाकीतच जन्माला येतो, आठवड्या-दहा दिवसांत उडायला लागतो, आणि चावतो तेही दिवसाढवळ्या. त्याची अंडी टाकीच्या कडेला चिकटतात, टाकी कोरडी केली तरी महिनोन्महिने जिवंत राहतात आणि पाणी लागलं की फुटतात. म्हणून टाकी नुसती ओतून भागत नाही, आतून घासावी लागते. कूलरपुढे झोपणारे आणि टाकी घासणारे ही आमच्या घरात दोन वेगळी माणसं आहेत, एवढंच सांगते.

नाना अजून बसलेलेच होते.

"औषध कोनतं मारं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, फवारणी नव्हे, जेल. तो मुलगा सिरिंज घेऊन आला आणि बिजागऱ्यांपाशी, फ्रिजच्या रबरामागे, ड्रॉवरच्या कोपऱ्यात मोहरीएवढे ठिपके देऊन गेला. वास नाही, काही नाही. जाताना बजावून गेला की वरून स्प्रे मारायचा नाही, फिनाईलनं पुसायचं नाही, नाहीतर झुरळं ठिपक्यांकडे फिरकणार नाहीत. झुरळ ते खातं, फटीत जाऊन मरतं. मग बाकीची झुरळं त्याची विष्ठा खातात, त्याला खातात, आणि तीही मरतात.

नाना क्षणभर गप्प झाले. "म्हणजे तेराव्याच्या जेवणातून विष," ते म्हणाले. "वहिनी, हाई काम काही चांगलं नई."

कन्येला पुन्हा जोर चढला. म्हणाली, तिकडे अमेरिकेत या जेलमध्ये गोडासाठी ग्लुकोज घालायचे. काही ठिकाणच्या जर्मन झुरळांनी ग्लुकोजच सोडलं. त्यांच्या जिभेला ते कडू लागायला लागलं. १९९३ साली हे पहिल्यांदा ध्यानात आलं आणि २०१३ साली त्यामागचं कारण सापडलं. कंपन्यांना जेलची पाककृती बदलावी लागली. नानांनी हे सगळं फार लक्षपूर्वक ऐकलं, आणि ऐकता ऐकता मी समोर ठेवलेली आमरसाची वाटी संपवली. नानांना डायबेटिस आहे. काकूंनी घरात साखरेचा डबा लपवून ठेवलाय, डॉक्टर सांगून थकलेत. झुरळाला जे जमलं... जाऊ दे. वाटी मीच ठेवली होती, पाहुणा म्हणून.

वाटी खाली ठेवून नाना मूळ मुद्द्यावर आले. आता त्यांना स्वतःच्या घरात पेस्ट कंट्रोल करावं लागणार, आणि ज्या अर्थी झुरळं आमची, त्या अर्थी अर्धा खर्च आम्ही द्यावा.

मी पण धुळ्याचीच. म्हटलं, गेल्या पावसाळ्यात तुमचं ते बोटभर अमेरिकन आमच्या बाथरूममध्ये आलं होतं, त्याचं काय? फिटंफाट झाली की.

"ते पाहुनं व्हतं," नाना शांतपणे म्हणाले. "उनं नि गयं. तुमनं ऱ्हावाले उनं."

आता खरं सांगायचं तर ही झुरळं ना आमची ना नानांची, ती डक्टची. चारी मजल्यांचे पाइप ज्या चिंचोळ्या बोळातून खाली जातात तिथे दुसऱ्या मजल्याचा एक पाइप जोडापाशी फुटलाय. त्यातून रात्रंदिवस पाणी झिरपतं, भिंत हिरवी झाली आहे. इकडे आमच्या नळाला पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी मी पिंपं, बादल्या, कळशा, वेळ पडली तर कुकरसुद्धा भरून ठेवते. मग डासांच्या अळ्या तपासायला एक मुलगी टॉर्च घेऊन येते, पिंपात उजेड टाकते आणि सांगते, ताई, पाणी साठवू नका, आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी कोरडी ठेवा. तिचं चुकत नाही. एवढ्या उन्हात जिने चढून येते, तिच्या घरीही पिंप असणारच. पण कोरडा दिवस पाळायचा तर पुढचे दिवस प्यायचं काय, हे तिच्या कागदावर लिहिलेलं नसतं. कन्या सांगते की जर्मन झुरळ अन्नाशिवाय महिनाभर तग धरतं, पण पाण्याशिवाय त्याला दोन आठवडेही जड जातात. म्हणजे आमच्या इमारतीत चोवीस तास पाणीपुरवठा फक्त झुरळांना आहे, आणि तोही बिल न येता.

नानांच्या पुडीनं एक झालं. रविवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये मीटिंग बसली. फुटक्या पाइपचा मालक सुरतेला. त्याचा फोन लागला नाही. भाडेकरू म्हणाला, मी भाडं देतो, पाइप देत नाही. वरच्या मजल्यावरचे म्हणाले, आमच्यापर्यंत झुरळ चढत नाही, आम्ही वर्गणी का द्यायची? एका काकांचं म्हणणं, डक्ट ईशान्येला आहे, तिथे तोडफोड नको. मी म्हटलं, ईशान्येला मैलापाणी झिरपलेलं चालतं का? त्यावर ते म्हणाले की बायकांनी मीटिंगमध्ये असं तोडून बोलू नये. चेअरमन म्हणाले, पावसाळ्यानंतर बघू. पावसाळ्यानंतर दिवाळी असते, दिवाळीनंतर लग्नं असतात, आणि मग पुन्हा मार्च. चहा मात्र आमच्याकडून गेला, कारण विषय माझा.

सोमवारी मी बाजारातून स्टीलची बारीक जाळी आणली. डक्टकडे उघडणारी बाथरूमची खिडकी, मोरीचं भोक, सिंकचा पाइप भिंतीत जातो तिथली फट, सगळं मोजून कापून घेतलं आणि पांढऱ्या सिमेंटनं लिंपायला काढलं. ह्यांची कंबर त्याच दिवशी धरली. शेवटी स्टूल धरायला वर आले ते नानाच. त्यांनी स्टूल अगदी घट्ट धरलं, त्याबद्दल तक्रार नाही. मी वर चढून जाळीचे कोपरे दाबत होते तेव्हा त्यांनी खालून मान वर करून जाळीची भोकं नीट निरखली, आणि समाधानानं म्हणाले, "झकास बसाडी वहिनी. बारीक शे. आते तुमना तुमनापाशीच ऱ्हातीन."