नॉर्थ डकोटाच्या शेतकऱ्याची चांदी झाली?

नमस्कार. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यावरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की पहिल्या महायुद्धात गव्हाचा भाव दुपटीवर गेला, वर सरकारने बुशेलला, म्हणजे साधारण २७ किलोला, २.२० डॉलरचा हमीभाव दिला, म्हणजे तिथल्या शेतकऱ्याची चांदीच झाली. आणि त्यांची नॉनपार्टिझन लीग, म्हणजे शेतकऱ्यांची राजकीय संघटना, ऐन युद्धात दरासाठी भांडत बसली, हा देशद्रोह. सविस्तर उत्तर देतोय, कारण तो शेवटचा शब्द मला फार लागला.

भाव वाढला, खरंय. पण विकायला आधी माल लागतो. १९१५ चं पीक विक्रमी होतं. १९१६ ला तांबेरा पडला आणि दाणा सुरकुतून हलका झाला. एलिव्हेटरवर, म्हणजे धान्य घेऊन साठवणाऱ्या कोठारावर, त्याला ‘फीड डी’, म्हणजे जनावरांच्या खाद्याची प्रत लावली आणि मातीमोल भावात घेतला. फार्गोच्या कृषी महाविद्यालयातल्या एडविन लॅड यांनी तसलाच गहू दळून पाहिला, तर पीठ चांगलं निघालं! घेताना चाऱ्याचा भाव, विकताना पिठाचा. ओलावा जास्त आहे म्हणून सोयाबीनचा भाव पाडलेला ज्यांनी सोसलाय, त्यांना यातली चीड वेगळी सांगायला नको. पुढच्या वर्षी राज्याच्या पश्चिम भागात पावसाने दगा दिला. १९१८ च्या जानेवारीत विधिमंडळाचं खास अधिवेशन बोलावून बियाणं आणि वैरणीसाठी कर्जरोखे काढायची मुभा जिल्ह्यांना द्यावी लागली. पेरायलाच दाणा नाही, त्याने हमीभाव घेऊन काय करायचं?

आणि तो हमीभाव तरी कसला? मे १९१७ मध्ये शिकागोत गहू तीन डॉलरच्या वर गेला होता. सरकारने नंतर भाव बांधला तो २.२० ला, तोही शिकागोच्या बाजारातला. रेल्वेभाडं आणि एलिव्हेटरचा खर्च त्यातून वजा. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कापसाला असं बंधन नव्हतं. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, गव्हाचा भाव २.४० करायचं ठरवलं, तर जुलै १९१८ मध्ये अध्यक्ष विल्सन यांनी नकाराधिकार वापरला. इकडे मजुरी आणि पेंढ्या बांधायची सुतळीसुद्धा महागत होती.

आता देशद्रोहाचं. साडेसहा लाखांच्या आतबाहेर वस्तीच्या या राज्यातून तीस हजारांहून जास्त माणसं सैन्यात गेली. युद्धखर्चासाठी काढलेल्या लिबर्टी रोख्यांचा नेमून दिलेला कोटा लोकांनी ओलांडला. युद्धासाठी गहू वाचावा म्हणून देशाला गहू पुरवणाऱ्या राज्यातच सोमवार-बुधवार गव्हाविना काढायचे, आणि १९१८ मध्ये दुकानातून गव्हाचं पीठ घ्यायचं तर तितकंच मक्याचं किंवा जवाचं घ्यायचं. लीगचं म्हणणं एवढंच होतं, की माणसांची सक्तीने भरती करता, तर युद्धातून नफा कमावणाऱ्यांच्या तिजोरीलाही हात घाला. यात मला तरी काही गैर दिसत नाही. माझ्या मते ती त्या काळातली सगळ्यात रास्त मागणी होती.

तुमच्या हिशेबातून १९२० पूर्णपणे निसटलंय. त्या वर्षी भावाची हमी संपली आणि १९२१ अखेर गहू डॉलरच्या आसपास आला. जास्त पिकवा म्हणून सरकारनेच सांगितलं होतं. त्या भरवशावर चढ्या दराने घेतलेल्या जमिनीचं, यंत्रांचं कर्ज तसंच राहिलं. १९२० साली राज्यात जवळजवळ ९०० बँका होत्या, १९३३ पर्यंत त्यातल्या निम्म्याहून जास्त बुडाल्या.

लीगचे गव्हर्नर लिन फ्रेझियर यांना १९२१ मध्ये मतदारांनी मुदतीआधीच पायउतार केलं, हे मी लपवत नाही. पण लीगने उभी केलेली सरकारी बँक आणि ग्रँड फोर्क्सची सरकारी पिठाची गिरणी आजही चालू आहे. आणि १९२२ मध्ये त्याच मतदारांनी त्याच फ्रेझियरना सिनेटवर निवडून दिलं. गहू दळून पाहणारे लॅड तिथे आधीच पोचले होते.