टोपीवाला आणि फ्रॉकवाली

2020च्या ऑगस्टमध्ये दादरला शिवाजी पार्कच्या बाजूला पादचारी सिग्नलांवर पुरुषाऐवजी फ्रॉक घातलेली बाई दिसू लागली, तेव्हा आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस धुमश्चक्री चालली होती. काका म्हणाले, आधी चालायला फुटपाथ द्या, मग दिव्यांत बाया नाचवा. चुलतबहीण म्हणाली, माझी लेक ते बघून खूश झाली, तुमच्या पोटात का दुखतंय? मी बर्लिनमध्ये बसून दोघांनाही अंगठा दिला. परदेशात राहणाऱ्यांचा हा जुनाच आजार.

इथे माझ्या कोपऱ्यावरच्या सिग्नलमध्येही एक इसम राहतो. बुटका, ढेरपोट्या, डोक्यावर रुंद काठाची टोपी. हिरवा झाला की लगबगीने निघतो, लाल झाला की दोन्ही हात पसरून उभा राहतो. लोक त्याचे मग आणि फ्रीजवर लावायचे चुंबक विकत घेतात. पण हा गडी कुणाला हसवायला जन्मलेला नाही. पूर्व बर्लिनमधल्या कार्ल पेगलाऊ नावाच्या वाहतूक-मानसशास्त्रज्ञाने 1961मध्ये तो सुचवला, अपघात कमी व्हावेत म्हणून. नुसते रंगीत गोल दिवे मुलांना, म्हाताऱ्यांना, रंग नीट न ओळखणाऱ्यांना पुरत नाहीत. पसरलेले हात म्हणजे आडवी फळी, हे मात्र कुणालाही कळतं. अंगाने जाडजूड, कारण तेवढा जास्त उजेड बाहेर पडतो. जर्मनी एक झाल्यावर त्याला काढायला निघाले, तेव्हा लोक हटून बसले. आता तो जुन्या पश्चिम बर्लिनमध्येही दिसतो.

म्हणून काकांचं ते ‘आधी’ मला पटत नाही. खड्डे बुजवून उरलेल्या पैशांत गंमत करायची असते, असं थोडंच आहे? टोपीवाल्याची गंमत त्याच्या कामातूनच आलीय.

पण काका अगदीच चुकीचे नाहीत. टोपीवाला दिसतो, कारण इथे माणूस थांबतो. रात्री अकराला रस्ता ओस पडलेला असतानाही थांबतो. लाल असताना ओलांडलं तर पाच युरो दंड, पण खरा धाक शेजारी उभ्या असलेल्या आजीबाईंचा असतो. “मुलं बघतायत!” असं त्या भर रस्त्यात सुनावतात, मूल असो वा नसो. अशा सक्तीच्या मिनिटभरात मान वर जाते. दादरला रस्ता ओलांडताना मी कधी दिव्याकडे बघितल्याचं आठवत नाही. बघायचे ते टॅक्सीवाल्याचे डोळे. फ्रॉकवालीला बिचारीला बघायला फुरसत कुणाला?

गेल्या उन्हाळ्यात आई आली होती. पहिल्याच दिवशी तिने लाल दिव्यावर उजवा हात वर केला आणि सरळ चालू पडली. मी दंडाला धरून मागे ओढली, आजीबाईंकडून यथासांग ऐकून घेतलं. आई मात्र समोर बघत होती.

“अगं, हा टोपीवाला बघ,” ती म्हणाली, “अगदी दादरच्या प्लाझा थिएटरसमोर उभा असल्यासारखा हात दाखवून गाड्या अडवतोय.”