टॅग न लावताही खूप काही कळतं

देवमाशांवरच्या एका लेखात म्हटलंय की टॅग (म्हणजे अंगावर लावायचं नोंदी घेणारं छोटं यंत्र) लावल्याशिवाय त्यांच्यावर माणसाचा काय परिणाम होतो ते कळूच शकत नाही, हे मला अजिबात पटलं नाही. टॅगने देवमासा कुठे गेला, किती खोल गेला हे कळतं, मान्य, पण त्याला ताण आलाय का हे त्याच्या विष्ठेतून कळतं! कॅनडाच्या बे ऑफ फंडीमध्ये रोझलिंड रोलँड या संशोधिकेच्या टीमने राइट व्हेल या जातीच्या देवमाशांची पाण्यावर तरंगणारी विष्ठा गोळा करून त्यातले स्ट्रेस हार्मोन मोजले, ती शोधायला तर बोटीवर वास काढणारे ट्रेन केलेले कुत्रे पण नेले. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर तिथली जहाजांची ये-जा एकदम कमी झाली, पाण्यातला आवाज ६ डेसिबलने उतरला आणि त्या दिवसांतल्या नमुन्यांत हार्मोनची पातळीसुद्धा कमी निघाली, नंतरच्या वर्षांत असं दिसलं नाही. मुद्दाम असा प्रयोग करायचा म्हटलं तर कोण सगळी जहाजं थांबवणार सांगा?

मी बॉस्टनला असताना व्हेल बघायला गेले होते, कॅप्टनने इंजिन बंद केलं तेव्हा कळलं की आधी आपणच किती गोंगाट करत होतो, नुसता व्हेलच्या श्वासाचा आवाज आणि पाणी, अंगावर काटा आला. बोटीवरची मुलगी हंपबॅक जातीच्या व्हेलच्या शेपटीच्या खालच्या बाजूचे फोटो काढत होती, त्या काळ्या-पांढऱ्या ठशावरून एकेक प्राणी ओळखतात. हेही लेखात यायला हवं होतं, हातही न लावता वर्षानुवर्षं त्याच प्राण्याची नोंद ठेवता येते.