लामावर गेलेल्यांचं कुणी बोलेना

आमच्या वाचनगटाने गेल्या महिन्यात आर. एफ. क्वांग या चिनी-अमेरिकन लेखिकेची ‘येलोफेस’ ही कादंबरी घेतली होती. आम्ही सहाजणी आणि दोन पुरुष. अडीच तास बोललो, आवाज चढले, चहा दोनदा झाला. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि त्याला कारण पुस्तकापेक्षा आमची चर्चा होती. म्हणून हे लिहिते आहे. लांबलंय. कथानकही उघड करणार आहे, तेव्हा ज्यांना कादंबरी वाचायची आहे त्यांनी आधी वाचून या.

ज्यांच्या हाती पुस्तक आलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जून हेवर्ड ही गोरी अमेरिकन लेखिका. तिच्या पहिल्या पुस्तकाकडे कुणी ढुंकून पाहिलेलं नाही. येल विद्यापीठापासूनची तिची मैत्रीण अथीना लिऊ चिनी-अमेरिकन, आणि तिचं नाव मात्र सगळीकडे गाजतंय. एका रात्री वॉशिंग्टनमधल्या अथीनाच्या घरी पॅनकेक खाताना घास अडकतो आणि अथीना जूनच्या डोळ्यांसमोर जाते. घरात तिच्या नव्या कादंबरीचं हस्तलिखित असतं, दुसऱ्या कुणालाही न दाखवलेलं. जून ते उचलते, त्यावर हात फिरवते आणि आपल्या नावावर छापून आणते. नावही बदलते, ‘ज्युनिपर साँग’. ऐकणाऱ्याला चिनी वाटावं असं. साँग हे तिचं खरोखरचं मधलं नाव, त्यामुळे खोटं बोललीस असं कुणाला म्हणता येऊ नये. पुस्तक धो धो खपतं, मग ट्विटरवर कुजबुज सुरू होते. आणि ही सगळी हकिगत जूनच सांगते, आपल्याला पटवत, गोंजारत.

कादंबरी मे २०२३ मध्ये आली. त्याच वर्षी गुडरीड्स या पुस्तकांच्या संकेतस्थळावरच्या वाचकांनी मतदान करून तिला कथासाहित्याचा पुरस्कार दिला, पुढच्या वर्षी ब्रिटिश बुक अवॉर्ड्समध्येही ती त्या विभागात पहिली आली. तरी वाचकांत एकमत नाही. एका बैठकीत संपवली म्हणणारे भेटतात, वैतागून मध्येच ठेवली म्हणणारेही भेटतात. आमच्या आठ जणांतही तसंच झालं.

एका मैत्रिणीचं म्हणणं, इतक्या खोट्या बाईच्या डोक्यात तीनशे पानं का राहायचं? मला ते पटलं नाही. जूनचा आवाज ओळखीचा वाटतो म्हणूनच तो सहन होत नाही. ‘मी एवढे कष्ट घेतले, मग माझा हक्क नाही का?’ असं ती म्हणते तेव्हा दोन-तीनदा माझी मान हललीच. दुसरीचं म्हणणं, उपरोध फार मोठ्या आवाजात आहे, लेखिका प्रत्येक गोष्ट समजावून सांगते. हे खरं आहे. उत्तरार्धातली ट्विटरवरची भांडणं मलाही लांबल्यासारखी वाटली. तिसऱ्या एकाचा आक्षेप असा की अथीना म्हणजे क्वांग स्वतःच आहेत, आपल्यावर होणारी टीका त्यांनी आधीच पुस्तकात घालून ठेवली, म्हणजे कुणाला बोलायला जागाच राहू नये. असेलही. पण लेखिकेने आपल्या जवळच्या पात्राला इतकं स्वार्थी दाखवणं मला धाडसाचं वाटलं. कारण अथीनाही चोर आहे. विद्यार्थिदशेत जूनवर ओढवलेला एक भयंकर प्रसंग तिने मैत्रीण म्हणून ऐकून घेतला आणि कथेत वापरून टाकला. विचारलंसुद्धा नाही.

कुणीतरी म्हणालं, पण असं प्रत्यक्षात कुठे घडतं? घडलंय. २०१५ साली ‘बेस्ट अमेरिकन पोएट्री’ या संग्रहात यी-फेन चाऊ या नावाने एक कविता निवडली गेली. कवी निघाला मायकेल डेरिक हडसन, गोरा माणूस. त्याने स्वतःच लिहून दिलं होतं की ही कविता माझ्या नावाने ४० वेळा नाकारली गेली, म्हणून मी चिनी नाव घेतलं. हे ऐकून आमच्यातल्या एकाने लगेच मुद्दा काढला की म्हणजे आता गोऱ्यांवरच अन्याय होतो. त्याला आकडा सांगावा लागला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने अमेरिकेतल्या बड्या प्रकाशकांच्या हजारो कादंबऱ्या तपासल्या होत्या. २०१८ सालच्या पुस्तकांपैकी ८९ टक्के गोऱ्या लेखकांची होती. जूनची तक्रार, अथीनाला सगळं मिळतं ते ती चिनी आहे म्हणून, या आकड्यापुढे ठेवून वाचावी.

इथवर चर्चा रंगली होती. जून वाईट की अथीना वाईट, लेखिका कुणाच्या बाजूची, शेवट जमला की नाही. आणि मग माझ्या लक्षात आलं की दोन तासांत एकाही व्यक्तीने, मीसुद्धा, एक गोष्ट विचारली नव्हती. चोरलेल्या त्या हस्तलिखितात होतं काय?

त्यात होते पहिल्या महायुद्धातले चिनी मजूर. ते कादंबरीतलं काल्पनिक प्रकरण नव्हे. सुमारे १,४०,००० चिनी माणसं इंग्रज आणि फ्रेंचांनी मजुरीच्या करारावर युरोपात नेली. इंग्रजांनी सुमारे ९५,०००, फ्रेंचांनी ४०,०००च्या आसपास. बहुतेक शेतकरी, पुष्कळसे शानडोंग प्रांतातले. त्यांनी खंदक खणले, जहाजं रिकामी केली, रेल्वेचे रूळ टाकले, आणि युद्ध थांबल्यावर न फुटलेले बॉम्ब आणि मेलेल्यांचे देह उचलायलाही तेच मागे राहिले. हजारोंना बंद डब्यांच्या आगगाड्यांतून कॅनडा ओलांडून नेलं गेलं. फ्रान्समध्ये नोयेल-सुर-मेर या गावी त्यांचं दफनस्थान आहे, आठशेहून अधिक थडगी. इंग्रजांनी युद्धात उतरलेल्या आपल्या माणसांना चांदीचं पदक दिलं, या मजुरांना तेच पदक ब्राँझचं.

कादंबरीत यांच्या वतीने बोलणारा एकच म्हातारा येतो. वॉशिंग्टनजवळच्या रॉकव्हिलमधल्या चिनी लोकांच्या एका मंडळात जूनचं भाषण ठेवलेलं असतं. तिथे एक वृद्ध गृहस्थ तिच्याजवळ येतात. त्यांचे काका त्या मजुरांत होते. तुम्ही आमच्या लोकांची गोष्ट सांगितलीत म्हणून ते तिचे मनापासून आभार मानतात. जून तिथून पळ काढते. मोजकी दोन-तीन पानं. आमच्यातल्या चौघांना तो प्रसंग आठवतसुद्धा नव्हता. मला मात्र सगळ्या पुस्तकात तोच लागला, आणि का लागला ते आता सांगते.

माझे पणजोबा लामावर गेले होते. साताऱ्याकडच्या लोकांना हा शब्द सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. लाम म्हणजे लढाई. आमच्याकडे पहिलं महायुद्ध कुणी म्हणत नसे. पलीकडच्या अपशिंग्यातले ४६ जण त्या लढाईत कामी आले आणि तिथे त्यांच्या नावाचा दगड आहे. आमच्या गावात दगडही नाही. पणजोबा बसऱ्याकडे, म्हणजे तेव्हाच्या मेसोपोटेमियात, आताच्या इराकमध्ये गेले आणि परत आले, एवढंच घराला माहीत. माझी आजी त्यांची सून. ती सांगायची, “मामंजी काय देशासाठी न्हाई गेलं. पोटापायी गेलं. घरात दाणा नव्हता.” आणि सांगायची की परत आल्यावर त्यांनी उभ्या जन्मात खजूर तोंडात घातला नाही. का ते कुणाला कळलं नाही, विचारायची कुणाची छाती झाली नाही.

काही वर्षांपूर्वी मी हे सगळं एका दिवाळी अंकासाठी लिहिलं. छापून आलं तेव्हा ‘लाम’ सगळीकडे ‘महायुद्ध’ झाला होता. आजीचं बोलणं प्रमाण भाषेत सरळ केलं होतं. ‘पोटापायी गेलं’ हे वाक्य गेलं होतं आणि त्या जागी पणजोबांच्या छातीत शौर्याची ज्योत पेटली होती. खजूर नव्हताच. संपादक म्हणाले, वाचकांना अभिमान वाटायला हवा, आणि हो, ते खजुराचं काही समजत नव्हतं. मी गप्प बसले. नाव छापून आलं होतं, मानधन मिळालं होतं, नातेवाइकांनी अंक विकत घेतले होते. आजी तेव्हा हयात होती. तिला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, “हे कुनाचं मामंजी?”

‘येलोफेस’मध्ये जून आणि तिची संपादिका अथीनाचं लिखाण दुरुस्त करतात तो भाग वाचताना मला हे सगळं आठवलं. एका दुष्ट गोऱ्याला चिनी करून टाकतात, आणि ठणकावून बोलणाऱ्या एका चिनी मजुराच्या जागी सहानुभूती वाटेल असा गोरा शेतकरी आणतात. कुणी दरडावत नाही, कुणी शिवी देत नाही. पुस्तक सगळ्यांना वाचता यावं एवढाच हेतू. कॅन्डिस ली ही प्रकाशनातली कोरियन-अमेरिकन मुलगी सुचवते की त्या समाजातल्या कुणाला तरी वाचायला द्या. तर तिलाच बाजूला सारलं जातं. चोरीच्या रात्रीपेक्षा ही पानं मला भयंकर वाटली. हस्तलिखित अथीनाच्या घरातून उचललं तेव्हा तिचं नाव गेलं. इथे मजूर गेले.

सांस्कृतिक चोरीवर आपण बोलतो तेव्हा भांडण दोन लेखकांचं होऊन बसतं. लिहायचा हक्क कुणाला? गोऱ्याने चिनी माणसाचं लिहावं का? आपल्याकडे दलित साहित्याच्या संदर्भात हा वाद पन्नासेक वर्षं चाललाय, सहानुभूतीने लिहिलेलं आणि भोगून लिहिलेलं यातला. प्रश्न महत्त्वाचा आहेच, मी तो बाजूला सारत नाही. पण रक्त एक आहे म्हणून काम भागत नाही. मी तर सख्खी पणती. तरी माझ्याच नावाखाली आजीचं वाक्य खोडलं गेलं आणि मी सही करून मानधन घेतलं.

त्या संध्याकाळी गटात मी हे बोलले. थोडा वेळ कुणी काही म्हणालं नाही. मग ज्या मैत्रिणीला जूनचा आवाज असह्य झाला होता ती म्हणाली, “माझे आजोबाही मेसोपोटेमियात होते गं. मी कधी कुणाला सांगितलं नाही, विषयच निघाला नाही.” त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत एक पदक आहे म्हणे, कडेला नंबर कोरलेलं. पुढच्या रविवारी ती ते घेऊन येणार आहे.

मी मूळ लेख पुन्हा लिहायला घेतलाय, आजीच्या शब्दांत, खजुरासकट. तुमच्याकडे कुणी लामावर गेलं असेल तर खाली लिहा. घरात जसं बोलतात तसंच लिहा.