शार्कच्या मेसेजला उत्तर

किनारपट्टीवरच्या गावांच्या ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय: "सावधान! कोकणात नरभक्षक शार्क. रक्ताचा एक थेंब पाच किलोमीटरवरून ओळखतो. पोहणं थांबलं तर मरतो, म्हणून रात्रंदिवस शिकार करतो. समुद्रात उतरू नका. दिसला तर मारा." सोबत व्हिडिओ. बोटीशेजारून तोंड वासून जाणारा प्रचंड मासा.

आधी त्या व्हिडिओचं. पाठीवर पांढरे ठिपके, डोकं रुंद नि चपटं, तोंड डोक्याखाली नाही, अगदी पुढे. हा व्हेल शार्क, जगातला सर्वांत मोठा मासा. तो प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, माशांची अंडी आणि जवळ्यासारखे बारीक जीव पाण्यासकट तोंडात घेतो आणि पाणी कल्ल्यांवाटे गाळून बाहेर सोडतो. तोंड वासलंय ते जेवण्यासाठी. माणूस त्याच्या खाण्यातच नाही.

आता तो रक्ताचा थेंब. शार्कचं नाक तीक्ष्ण आहे, यात वाद नाही. पण वास म्हणजे पाण्यात मिसळलेले कण, आणि ते प्रवाहाबरोबर नाकापर्यंत पोचावे लागतात. पाच किलोमीटरवर पडलेला एक थेंब वाटेतच इतका पातळ होतो की ओळखण्याजोगं काही उरत नाही. वास आला तरी तो कुठून आला हे शोधायचं असतंच. गार्डिनर आणि आटेमा या संशोधकांनी 2010 मध्ये एका लहान शार्कवर प्रयोग करून दाखवलं की, ज्या नाकपुडीत वास आधी पोचतो त्या बाजूला तो वळतो. दोन्ही नाकपुड्यांत वास पोचण्याच्या वेळेतला फरक अर्ध्या सेकंदाहून कमी असला तरी त्याला तो पुरतो. असा वळत वळत तो प्रवाहाच्या उलट दिशेने पुढे सरकतो.

जवळ आल्यावर दुसरी इंद्रियं कामाला लागतात. अंगाच्या दोन्ही बाजूंनी गेलेल्या रेषेला पाण्याची हालचाल कळते, मग डोळे. अगदी शेवटच्या हातभर अंतरात तोंडाभोवतीच्या बारीक छिद्रांचं काम. इटलीच्या लोरेन्झिनी या शास्त्रज्ञाने 1678 मध्ये त्यांचं वर्णन केलं, पण उपयोग कळायला जवळपास तीन शतकं गेली. 1971 मध्ये काल्माइन या संशोधकाने वाळूत विजेची टोकं पुरून माशाच्या अंगातून निघते तेवढीच क्षीण वीज सोडली. शार्कने नेमकी तिथेच वाळू उकरून चावा घेतला. तिथे रक्त नव्हतं, वास नव्हता, मासाही नव्हता. मला हा प्रयोग शार्कविषयीच्या सगळ्या भयकथांपेक्षा जास्त थरारक वाटतो.

"पोहणं थांबलं तर मरतो" हे अर्धं खरं. माको, ग्रेट व्हाइट, व्हेल शार्क यांना कल्ल्यांवरून पाणी वाहतं ठेवायला पुढे जात राहावं लागतं. बांबू शार्क मात्र तळावर निवांत पडून तोंडाने पाणी ओढत श्वास घेतो. आणि सतत पोहणं म्हणजे सतत शिकार नव्हे. बहुतेक माशांना तरंगायला मदत करणारी हवेची पिशवी शार्कला नसते. तेलाने भरलेलं मोठं यकृत त्याचा भार हलका करतं, पसरलेले छातीचे पर उचल देतात, त्यामुळे शेपटीच्या संथ झोक्यांवर तो कमी श्रमात फिरत राहतो.

"नरभक्षक" या शब्दावर फार वेळ घालवत नाही. आपल्या बाजारात रोज दिसणारा शार्क म्हणजे मुशी. जेमतेम दोन-अडीच फुटांची, कोळंबी आणि बारीक मासळी खाणारी. जगभरात शार्क विनाकारण चावल्याच्या घटना वर्षाला साधारण 60-70 नोंदल्या जातात, मृत्यू त्यातले थोडेच. धोका अगदीच नाही असं मी म्हणणार नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये पालघरच्या मनोरजवळ वैतरणेत एका तरुणाच्या पायाचा शार्कने गंभीर चावा घेतला. पण त्या एका घटनेवरून अख्खा किनारा बंद करा म्हणणं चूक आहे.

मेसेजमधली "दिसला तर मारा" ही शेवटची ओळ सगळ्यात घातक. व्हेल शार्कला 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे, त्याला मारणं गुन्हा आहे. जाळ्यात आला तर जाळं कापून सोडायचा आणि सोडतानाचे फोटो किंवा व्हिडिओ काढून ठेवायचे. संरक्षित जीव सोडताना फाटलेल्या जाळ्यासाठी 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्यात 2018 पासून आहे. पुढे पाठवायचंच असेल, तर हे पाठवा.