चिऊताईने दार का उघडलं नाही?

'पात्राचे स्वभावचित्रण तुमच्या शब्दांत करा' असा प्रश्न आला की आमच्या सातवीच्या सगळ्या वह्यांत एकच माणूस अवतरतो. प्रेमळ, कष्टाळू, प्रामाणिक, मनमिळाऊ. मग धडा आजीचा असो, पोस्टमनचा असो नाहीतर बैलाचा. प्रश्नात 'तुमच्या शब्दांत' छापलेलं असतं, शब्द मात्र गाइडातले. आत्मकथनाचीही तीच गत. फाटकं पुस्तक, तुटकी छत्री, शाळेची घंटा, सगळे एकाच सुरात रडतात आणि शेवटी 'मला जपा' म्हणून हात जोडतात. (घंटेला हात कुठून आले, हे कुणी विचारत नाही.)

माझं मत सरळ आहे. स्वभाव ओळखायला शिकवायचं असेल तर ही विशेषणं काही दिवस कपाटात टाकावीत आणि पोरांना त्या पात्राची डायरी लिहायला लावावी, तीही हसवणारी. त्यासाठी मोठी कादंबरी लागत नाही, पाळण्यातली गोष्टही चालते.

आम्ही काऊ-चिऊची घेतली. काऊचं घर शेणाचं, चिऊचं मेणाचं, पाऊस आला आणि काऊचं घर गेलं वाहून. सगळ्यांना पाठ. काऊ आळशी, चिऊ शहाणी, हा निकालही पाठ. मी एवढंच विचारलं की बाहेर काऊ भिजत दार वाजवतोय, तेवढ्या वेळात चिऊ आत काय काय करते? बाळाला न्हाऊ घालते, अंग पुसते, काजळ लावते, निजवते. एक मुलगी बसल्या जागेवरून म्हणाली, "मॅडम, तिला उघडायचंच नव्हतं!"

झालं. वर्ग पेटला. कुणी म्हणे चिऊ ढोंगी आहे. कुणी म्हणे घरात तान्हं बाळ, बाहेर धो धो पाऊस, एकटी बाई दार कशी उघडेल? दोन्हीकडचे वकील पुरावे गोष्टीतूनच काढत होते. माझ्या लेखी स्वभावचित्रणाचा तास तो हाच. मग त्या मुलीने चिऊची डायरी लिहिली:

'रात्री दार वाजलं. काऊच असणार. बाळाला पावडर लावली. परत वाजलं. परत पावडर लावली. आता बाळ ओळखू येत नाही. लोकांना वेळेचं काही भानच नाही.'

'चिऊ स्वार्थी होती' असं यात कुठेही लिहिलेलं नाही, तरी सगळं कळतं. विनोदी डायरीची गंमत इथेच असते. डायरी लिहिणाऱ्या पात्राचं हसू होतंय हे वाचणाऱ्याला दिसतं, त्या पात्राला मात्र त्याचा पत्ताच नसतो. पोरं आधी व्हॉट्सअ‍ॅपवरचे विनोद आणून चिकटवतात, ते बेलाशक खोडावेत. त्याऐवजी मी विचारते, हे पात्र रोज काय मोजत असेल? खापर कुणावर फोडत असेल? डायरीतसुद्धा काय लपवेल?

मोजण्याचा प्रश्न तर फारच कामाचा. भोपळ्यातून जाणाऱ्या म्हातारीला लेक आहे, म्हणजे जावईही असणार, पण गोष्टीत त्याला कोण विचारतो? आमच्या एका पठ्ठ्याने त्याला डायरी दिली आणि तूप-रोटी काढून आपल्या खान्देशची वरण-बट्टी आणली. 'सोमवार. सासूबाई चार बट्ट्या, मी दोन. मंगळवार. सासूबाई पाच, मी एक. तूप माझ्यापर्यंत पोचलं नाही. बुधवार. मळ्यात जाऊन भोपळा बघून आलो. मोठा आहे. मावतील.'

आता भाषेचं. भिजलेला, चिडलेला काऊ आपल्या डायरीत 'माझे कोणीही ऐकत नाही' असं लिहील? आमच्याकडचा काऊ 'मनं कोनीच ऐकत नही' असंच लिहिणार. त्यावर लाल रेघ मारू नये. परीक्षेची प्रमाण मराठी यायलाच हवी, ती वेगळी शिकवता येते. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी घरच्यांनी उतरवून ठेवली आणि १९५२ साली ती पुस्तकात आली, ती त्यांच्या बोलीतच. कुणी हौसेने ती 'शुद्ध' करून छापली असती तर काय उरलं असतं?

आणि लिहिलेलं वाचणार कोण? फक्त मास्तर वाचणार असतील तर विनोद सुकतो. अमळनेरला साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं दैनिक हाताने लिहून काढायचे. दैनिक! आम्हाला तेवढं कुठलं झेपायला, आम्ही पानं व्हरांड्यात दोरीला लावतो. मधल्या सुट्टीत तिथे गर्दी होते आणि 'हे हसण्यासारखं नाही' असं तोंडावर सांगणारे परीक्षक फुकट मिळतात.

"याला मार्क किती?" असं एका पालकांनी विचारलं. वेगळे मार्क नाहीत, दादा. पण तुमचा मुलगा आता 'प्रेमळ' लिहिलं की पुढे 'कारण' लिहितो आणि कारण धड्यातलं असतं.

सध्या दोरीवर सहावीची वाघाची डायरी लागली आहे. त्यांचं म्हणणं, अख्ख्या गोष्टीत शब्दाला जागलेला तो एकटाच. म्हातारी येते म्हणाली, तो उपाशी थांबला. सातवीला हे अजिबात मान्य नाही.